अमिनो ॲसिड पेट ट्रेसर्स: कुठला कशासाठी घ्यावा, वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

मेंदूच्या ट्यूमरसाठी अमिनो ॲसिडवाला पेट स्कॅन करावा का, आणि करायचाच तर कुठल्या ट्रेसरचा (ट्रेसर म्हणजे शिरेतून देतात ते किंचित किरणोत्सर्गी द्रव्य, जे पेट कॅमेऱ्यात दिसतं), हे हल्ली पेशंटचे नातेवाईक विचारतात आणि न्यूरोसर्जरीतली नवीन मुलंही विचारतात, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे, रिपोर्टिंग करते, हे ट्रेसर्स रोजच्या कामातले आहेत. त्यामुळे जे आवडलं ते आवडलं म्हणून लिहिणार आणि जिथे ट्रेसर कमी पडतो तिथे तसं स्पष्ट लिहिणार.

आधीच सांगून ठेवते, माझ्या मते या सगळ्या मंडळींची खरी किंमत एकाच प्रश्नाला कळते. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो चालू आहे किंवा संपलीये, आणि पुढच्या एमआरआयमध्ये जुन्या जागी नवीन चकाकणारा डाग दिसतोय. तो ट्यूमर परत आलाय, की रेडिएशनने भाजलेला टिश्यू आहे? या प्रश्नावर अमिनो ॲसिड पेटइतकं उपयोगी दुसरं काही माझ्या हाताला लागलेलं नाही. बाकीचे उपयोग आहेत, चांगले आहेत, त्यावर येतेच, पण कोणी "सरसकट सगळ्यांना करून टाकू" म्हणत असेल तर मी नाही म्हणेन.

आता नेहमीचा पेट म्हणजे एफडीजी, तो इथे का चालत नाही हे आधी बघू, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. एफडीजी म्हणजे ग्लुकोजचा भाऊबंद. फुफ्फुस, लिम्फोमा, आतड्याचा कॅन्सर, तिथे तो उत्तम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण मेंदू स्वतःच दिवसरात्र ग्लुकोजवर चालतो, त्यामुळे एफडीजी दिला की सगळं ग्रे मॅटर झगमगतं आणि त्यात ट्यूमर शोधणं म्हणजे भर उन्हात पेटलेला टॉर्च शोधण्यासारखं होतं. लो ग्रेड, म्हणजे हळू वाढणारा, ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींतून होणारा ट्यूमर) तर बऱ्याचदा आजूबाजूच्या मेंदूपेक्षाही फिका दिसतो. वर सूज-इन्फ्लमेशन असेल तर तिथल्या पेशीही ग्लुकोज ओढतात, म्हणजे ज्या प्रश्नासाठी स्कॅन केला तोच प्रश्न तसाच राहतो. स्टिरॉइडवर असलेल्या पेशंटची शुगर वाढलेली असते, ती अजून एक कटकट.

अमिनो ॲसिडचं गणित वेगळं आहे. पेशीच्या भिंतीत लॅट-१ नावाचा एक ट्रान्सपोर्टर असतो, त्याचं काम ल्युसिन, फेनिलॲलॅनिन, टायरोसिन, मेथिओनिन असे मोठे अमिनो ॲसिड आत घ्यायचे आणि बदल्यात आतला दुसरा एखादा बाहेर सोडायचा. वाढणाऱ्या ट्यूमरला प्रोटीन बनवायला कच्चा माल लागतो, म्हणून ग्लायोमाच्या पेशी हा ट्रान्सपोर्टर भरपूर तयार करतात. नॉर्मल मेंदूत त्या मानाने उचल, म्हणजे पेशी ट्रेसर किती ओढतात ते, कमी असते, म्हणून बॅकग्राउंड शांत आणि ट्यूमर उठून दिसतो. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हाच ट्रान्सपोर्टर ब्लड ब्रेन बॅरिअरच्या, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यातल्या पडद्याच्या, रक्तवाहिन्यांवरही असतो, त्यामुळे बॅरिअर फुटलेला नसला तरी ट्रेसर आत जातो. एमआरआयमधलं गॅडोलिनियम, म्हणजे चमक यावी म्हणून शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट, फक्त बॅरिअर जिथे गळतंय तिथेच झिरपतं. मग बॅरिअर ट्यूमरने फोडलाय की रेडिएशनने, गॅडोलिनियमला त्याच्याशी देणंघेणं नाही, ते दोन्हीकडे सारखंच चमकतं. आणि बॅरिअर शाबूत ठेवून पसरणारा ट्यूमर त्याला दिसतच नाही. अमिनो ॲसिड ट्रेसर या दोन्ही ठिकाणी एमआरआयला आधार देतो, म्हणून मी तो एमआरआयच्या जागी नाही तर एमआरआयच्या शेजारी ठेवून वाचते, नेहमी.

आता एकेक ट्रेसर.

पहिला आणि माझा सगळ्यात आवडता, एफईटी. पूर्ण नाव फ्लोरोइथाइल टायरोसिन, टायरोसिनला फ्लोरिन-१८ या किरणोत्सर्गी अणूचं शेपूट लावलेलं. १९९९ मध्ये म्युनिकच्या ग्रुपने त्याच्यावरचं सुरुवातीचं काम छापलं आणि नंतर जर्मनीतल्याच युलिशच्या संशोधन केंद्राने त्याच्यावर वर्षानुवर्षं क्लिनिकल काम केलं. फ्लोरिन-१८ ची हाफ लाइफ, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी बनवून गाडीने मागवता येतो, एका बॅचमध्ये बरेच पेशंट होतात. आपल्या रोजच्या कामात ही गोष्ट किती मोठी आहे ते सायक्लोट्रॉन (हे किरणोत्सर्गी अणू बनवणारं यंत्र) नसलेल्या सेंटरमधल्या माणसालाच विचारा. शरीरात तो फारसा तुटत नाही, प्रोटीनमध्ये शिरत नाही, पेशीत जातो आणि राहतो, त्यामुळे आकडे स्थिर येतात, दोन स्कॅन एकमेकांशेजारी ठेवून तुलना करताना मनात किंतू राहत नाही.

तयारी सोपी आहे. किमान ४ तास उपाशी राहायचं. यामागचं कारण शुगर नाही, रक्तातले इतर अमिनो ॲसिड आहे. जेवणातलं प्रोटीन पचून रक्तात आलं की तेही त्याच लॅटच्या दारात रांग लावतात आणि ट्रेसरला आत जायला जागा कमी मिळते. म्हणून मी अपॉइंटमेंट देतानाच सांगायला लावते की प्रोटीन पावडर, जिमवाली अमिनो ॲसिडची सप्लिमेंट्स त्या दिवशी अजिबात नकोत, साधं पाणी चालेल. डायबिटीसवाल्यांना आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडवाल्यांना याचा मोठा दिलासा असतो, शुगर २०० च्या वर आहे म्हणून घरी पाठवलं असं इथे होत नाही. फक्त इन्सुलिन घेऊन उपाशी बसू नये, ते आधी विचारून घ्यावं.

डोस साधारण १८५ ते २०० मेगाबेकरेल, त्यातून मिळणारं रेडिएशन अंदाजे ३ मिलिसिव्हर्ट. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अंगात मोजण्यासारखं जवळजवळ काही उरत नाही. गर्भवती असाल किंवा बाळाला दूध पाजत असाल तर मात्र इंजेक्शनच्या आधी सांगायलाच हवं.

स्कॅन दोन प्रकारे होतो. एक साधा, म्हणजे इंजेक्शन देऊन २० मिनिटं थांबायचं आणि मग २० व्या ते ४० व्या मिनिटापर्यंतचा फोटो घ्यायचा. दुसरा डायनॅमिक, त्यात पेशंटला आधी टेबलावर घ्यायचं, डोकं होल्डरमध्ये ठेवून पट्टा लावायचा, कॅमेरा चालू करायचा आणि मग कॅन्युलातून ट्रेसर सोडून सलाइनने फ्लश करायचं, पहिल्या सेकंदापासून रेकॉर्डिंग. पुढची ४० मिनिटं डोकं हलवायचं नाही. हे पेशंटला जड जातं, खासकरून ज्यांना डोकेदुखी आहे किंवा एका बाजूने कमजोरी आहे त्यांना. आमचा टेक्निशियन प्रत्येकाला सुरू करायच्या आधी सांगतो, "काका, खोकला आला, खाज आली तर आधी आवाज द्या, मान हलवू नका, आम्ही इथेच काचेपलीकडे आहोत." एवढं बोलल्यावर बहुतेक लोक शांत पडून राहतात. गुडघ्याखाली उशी आणि अंगावर पांघरूण, या दोन गोष्टींनी जेवढी हालचाल कमी होते तेवढी कुठल्या सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

मी डायनॅमिकचा आग्रह का धरते? कारण त्यातून वेळेचा आलेख मिळतो. हाय ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ट्यूमरमध्ये ट्रेसर भराभर चढतो, पहिल्या १०-२० मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरायला लागतो. लो ग्रेडमध्ये तो हळूहळू शेवटपर्यंत चढतच राहतो. साध्या फोटोत दोन्ही सारखेच गरम, म्हणजे चमकणारे, दिसू शकतात, आणि आलेख बघितला की एक वर जातोय आणि एक खाली येतोय हे डोळ्यासमोर असतं. हा नियम अगदी दगडावरची रेघ नाही, अपवाद होतात, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हा ग्लायोमाचा प्रकार तर लो ग्रेड असूनही चांगला गरम दिसतो आणि नवख्या वाचणाऱ्याला फसवतो. पण सर्जनला बायोप्सीची जागा सांगताना हा आलेख फार कामाला येतो. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या, गॅडोलिनियम न घेणाऱ्या ट्यूमरमध्ये एखाद्याच कोपऱ्यात आलेख लवकर चढून उतरतोय असं दिसलं तर सुई तिथेच जायला हवी, नाहीतर बायोप्सी थंड भागातून येते, रिपोर्ट लो ग्रेड येतो आणि ट्रीटमेंट चुकीच्या दिशेने सुरू होते.

आकड्यांबद्दल थोडं. एफईटीमध्ये आपण ट्यूमरची उचल नॉर्मल मेंदूच्या उचलीने भागतो, तो रेशो. १.६ हा आकडा सगळीकडे दिसतो, तो युलिश-ड्युसेलडॉर्फच्या २००५ च्या कामातून आलाय, ज्यात स्कॅनवर जागा ठरवून तिथलीच बायोप्सी घेऊन ताडून बघितलं होतं. त्याच अभ्यासात नुसत्या एमआरआयची ट्यूमर पकडायची सेन्सिटिव्हिटी (असलेला ट्यूमर पकडणं) ९६ टक्के होती पण स्पेसिफिसिटी (नसलेल्याला नाही म्हणणं) फक्त ५३ टक्के, आणि एफईटी जोडल्यावर सेन्सिटिव्हिटी ९३ राहिली आणि स्पेसिफिसिटी ९४ वर गेली. म्हणजे एमआरआय जे जे संशयास्पद दाखवतं त्यातलं बरंचसं ट्यूमर नसतंच, आणि एफईटी ते गाळून देतं. अभ्यास लहान होता हेही लक्षात ठेवा, पण जागेवरून टिश्यू घेऊन तपासलेला होता म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

आता हा रेशो काढताना बॅकग्राउंड कुठे मोजलं यावर सगळं अवलंबून आहे आणि इथेच रिपोर्ट बिघडतात. बरोबर पद्धत म्हणजे ट्यूमरच्या विरुद्ध बाजूला, वरच्या भागात, ग्रे आणि व्हाइट मॅटर दोन्ही धरून चंद्रकोरीसारखा मोठा भाग आखायचा आणि तो बऱ्याच स्लाइसमधून घ्यायचा. एखाद्याने घाईत नुसत्या व्हाइट मॅटरमध्ये छोटं वर्तुळ ठेवलं की बॅकग्राउंड कमी येतं, रेशो फुगतो, आणि १.५ चा डाग १.९ होऊन बसतो. बाहेरून आलेल्या एका पेशंटच्या जुन्या रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलं होतं, "सौम्य उचल दिसते, क्लिनिकली ताडून पाहावे." ना रेशो, ना बॅकग्राउंड, ना इंजेक्शननंतर किती मिनिटांनी फोटो घेतला ते. पेशंटच्या मुलीने फाइल उघडून मला विचारलं, "मॅडम, मागच्या वेळेपेक्षा वाढलंय का?" आणि कच्चा डेटा पण सीडीवर नव्हता, त्यामुळे तुलना करता येत नव्हती. अशा रिपोर्टचा राग येतो मला, कारण त्या माणसाने उपास धरला, सुई टोचून घेतली, पट्टा लावून पडून राहिला, आणि हाती काय तर एक गुळमुळीत ओळ.

जिथे एफईटीने खरंच बाजी मारलेली बघितली त्यातली एक केस लिहिते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमा, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमो होऊन तीन महिन्यांच्या आतला एमआरआय, त्यात कडेने चमकणारं कडं, आधीपेक्षा मोठं, भोवती सूज. घरचे खचलेले, ट्रीटमेंट बदलायची बोलणी चालू. रेडिएशन संपल्यावर पहिल्या १२ आठवड्यांत असं खोटं वाढलेलं दिसणं चांगलंच माहितीतलं आहे, त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्या माणसाबद्दल ठामपणे सांगणं वेगळं. एफईटीमध्ये ते कडं जवळजवळ बॅकग्राउंडइतकंच निघालं, आणि जी फिकट उचल होती तिचा आलेख शेवटपर्यंत हळू चढणारा. टीमने तीच केमो चालू ठेवली आणि पुढच्या एमआरआयमध्ये कडं आकसलं होतं. याच्या उलटही होतं. बेव्हासिझुमॅब हे रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध चालू केल्यावर रक्तवाहिन्या गळायच्या थांबतात, एमआरआयवर चमक नाहीशी होते, सगळे खुश होतात आणि ट्यूमर आतल्या आत वाढत असतो. तिथे एफईटी गरम राहतो, आणि वाईट बातमी का होईना पण वेळेत मिळते.

आता उणिवा, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. लो ग्रेड ग्लायोमापैकी अंदाजे पाव ते एक तृतीयांश ट्यूमर एफईटी घेतच नाहीत. म्हणजे स्कॅन थंड आला म्हणून "ट्यूमर नाही" असं म्हणणारा माणूस चूक करतोय. उलट बाजूने, फिट येऊन गेल्यानंतर लवकर स्कॅन केला तर मेंदूच्या घड्यांवर पट्ट्यासारखी उचल दिसते, गळू, डिमायलिनेशन (नसांचं आवरण झिजणं), ताजा स्ट्रोक, रक्तस्राव यांच्या कडेलाही थोडंफार दिसू शकतं. म्हणून शेवटची फिट कधी आली हे मी फॉर्मवर वेगळं विचारायला लावते. मोठ्या शिरांचे सायनस आणि कवटीबाहेरची त्वचाही थोडी चमकते, कवटीला चिकटून असलेल्या छोट्या डागाच्या वेळी ते ध्यानात ठेवावं लागतं. छोटा डाग, एक सेंटिमीटरच्या खालचा, त्याचा रेशो खराखुरा असतो त्यापेक्षा कमी येतो, हा ट्रेसरचा दोष नाही, कॅमेऱ्याच्या रिझोल्यूशनची मर्यादा आहे.

अजून एक. परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमाला दुसऱ्यांदा रेडिएशन देताना एमआरआयवरून जागा आखायची की एफईटीवरून, यावर जर्मनीत रँडमाइज्ड ट्रायल (पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटून केलेली) झाली. माझ्यासारख्या एफईटीवाल्यांना खात्री होती की एफईटीचा गट पुढे जाणार. तसं झालं नाही, आजार पुढे सरकण्याच्या वेळेत फायदा दिसला नाही. मला वाईट वाटलं, पण हे जाणून घेणं गरजेचं आहे. जास्त नेमकं दिसतं म्हणजे आयुष्य वाढतंच असं नाही, ट्यूमर किती हट्टी आहे यावरही ते ठरतं. निदानाच्या प्रश्नात एफईटी जिंकतो, ट्रीटमेंट आखण्यात अजून सिद्ध व्हायचंय, हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि ते मिसळू नयेत.

दुसरा ट्रेसर मेथिओनिन, कार्बन-११ वाला. हा या घराण्यातला सगळ्यात जुना, १९८० च्या दशकापासून मेंदूच्या ट्यूमरसाठी वापरात. चित्र सुंदर येतं, एफईटीच्या तोडीस तोड. अडचण एकच आणि ती फार मोठी, हाफ लाइफ सुमारे २० मिनिटं. बनवून ४० मिनिटं गेली की पाव भाग उरतो, तासाभरात आठवा. म्हणजे सायक्लोट्रॉन बिल्डिंगमध्येच हवा, केमिस्ट, टेक्निशियन, पेशंट सगळे एकाच घड्याळावर, आणि पेशंट बाथरूमला गेला तरी हॉट लॅबमधला, म्हणजे ट्रेसर हाताळतात तिथला, माणूस फोनवर फोन करतो. मेथिओनिन शरीरात प्रोटीनमध्ये आणि इतर केमिकल साखळ्यांमध्येही शिरतो, त्यामुळे एफईटीसारखा वेळेचा आलेख त्यातून तेवढा स्वच्छ मिळत नाही. इन्फ्लमेशनमध्येही तो थोडा जास्त चिकटतो असा माझा अनुभव. तुमच्या सेंटरमध्ये सायक्लोट्रॉन आहे आणि टीम मुरलेली आहे तर बिनधास्त करा, पण फक्त मेथिओनिनसाठी पेशंटने दूरवर जावं असं मला वाटत नाही, जवळ एफईटी मिळत असेल तर तोच घ्या.

तिसरा एफडोपा. मूळचा पार्किन्सनवाला ट्रेसर, अमेरिकेत एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली तीही पार्किन्सनसारख्या आजारांतल्या डोपामिन नसांच्या टोकांसाठीच. ट्यूमरमध्ये तोही लॅटमधूनच शिरतो आणि ग्लायोमात छान काम करतो. पण कॉडेट आणि प्युटामेन हे मेंदूच्या मधोमध असलेले भाग त्याला मुळातच ओढतात, म्हणून ट्यूमर त्यांना लागून असेल तर कडा कुठे संपतात ते सांगताना घाम फुटतो. ट्यूमर लांब, कपाळाकडच्या किंवा मागच्या भागात असेल तर काही हरकत नाही. बाकी शरीरात मात्र एफडोपाची गोष्टच वेगळी आहे. पॅरागँग्लिओमा, फिओक्रोमोसायटोमा, मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर, काही न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, यांच्या पेशी डोपा आत घेऊन त्याचं डोपामिन बनवतात, त्यामुळे डाग अगदी ठसठशीत दिसतो. आणि तान्ह्या बाळांमध्ये जन्मतः इन्सुलिन जास्त बनण्याचा जो आजार असतो, त्यात स्वादुपिंडाचा एकच छोटा भाग बिघडलाय की पूर्ण स्वादुपिंड, हे एफडोपा दाखवतो. एकच भाग असेल तर सर्जन तेवढाच काढतो आणि बाळ बरं होऊ शकतं. ट्यूमरच्या रिव्ह्यूत हे थोडं अवांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण एका स्कॅनने एवढा फरक पडताना क्वचितच दिसतो.

चौथा फ्लुसिक्लोविन, बाजारात ॲक्झुमिन नावाने. अमेरिकेतल्या एमोरी युनिव्हर्सिटीत बनलेलं हे रेणू म्हणजे नैसर्गिक अमिनो ॲसिड नाही, माणसाने बनवलेलं आहे, आणि लॅटबरोबरच एएससीटी-२ नावाच्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टरमधूनही शिरतं. २०१६ मध्ये एफडीएने मान्यता दिली ती प्रोस्टेट कॅन्सर परत आल्याचा संशय असताना, म्हणजे ट्रीटमेंटनंतर पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजतात ते प्रोटीन) वाढत असताना. याच्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीला लघवीत फार कमी उतरतो, त्यामुळे मूत्राशयाच्या शेजारची जागा स्वच्छ दिसते. पण वेळेचं गणित फार घट्ट, इंजेक्शननंतर ३ ते ५ मिनिटांत टेबलावर स्कॅन सुरू व्हायला हवा, तोही मांड्यांपासून वर, कारण ट्यूमरमधून तो लवकर धुतला जातो आणि स्नायूंत चढत जातो. आदल्या दिवशीपासून जोराचा व्यायाम नको तो याच कारणाने. टीम नवीन असेल तर पहिले काही स्कॅन उशिराच सुरू होतात आणि चित्र गढूळ येतं.

मात्र आज प्रोस्टेटसाठी कोणी मला फ्लुसिक्लोविन की पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या एका प्रोटीनला चिकटणारा ट्रेसर) असं विचारलं तर मी पीएसएमए सांगेन, फार विचार न करता. २०१९ मध्ये ५० पेशंटवर दोन्ही स्कॅन करून समोरासमोर तुलना छापून आली, पीएसए अजून कमी असतानाच, आणि पीएसएमएने ५६ टक्के लोकांत काहीतरी पकडलं तर फ्लुसिक्लोविनने २६ टक्के. एवढा फरक असल्यावर निष्ठा वगैरे बाजूला ठेवायची. पीएसएमए न घेणारे ट्यूमर असतात, किंवा तो उपलब्धच नसतो, तेव्हा फ्लुसिक्लोविन आहेच हाताशी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एफबीपीए हा बोरॉन लावलेला फेनिलॲलॅनिन, त्यावर फ्लोरिन-१८. बोरॉन न्यूट्रॉन थेरपीत (ट्यूमरमध्ये बोरॉन जमवून मग न्यूट्रॉनचा मारा करतात ती) औषध म्हणून जे बोरॉनचं रेणू देतात त्याचाच हा जुळा, म्हणून ट्यूमरमध्ये बोरॉन पुरेसं जमणार का हे आधी बघता येतं. जपानमध्ये ही थेरपी डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी २०२० मध्ये मंजूर झाली. पेशंट निवडण्याची ही पद्धत मला फार पटते, औषध पोचतं का ते आधी बघा आणि मगच द्या. ग्लुटामिनचे ट्रेसर अजून संशोधनातच आहेत, त्यांच्यासाठी कोणी रोजच्या कामात धावपळ करावी असं नाही.

स्कॅनला जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. डॉक्टरांकडून फॉर्मवर प्रश्न लिहून घ्या, "ग्लायोमा, फॉलो अप" एवढं पुरत नाही. रेडिएशन कधी संपलं, किती दिलं, आत्ता कुठलं औषध चालू आहे, एमआरआयमध्ये नेमकी कुठली जागा खटकतेय, हे असलं की वाचणाऱ्याला कळतं कुठे टक लावून बघायचं. एमआरआयची फिल्म नको, पूर्ण डेटा आणा, आणि शक्यतो स्कॅनच्या जवळच्याच तारखेचा. एमआरआय एका महिन्याचा आणि पेट दुसऱ्या महिन्याचा असं झालं की दोन चित्रं एकमेकांवर बसवताना मधल्या काळात काय बदललं ते कळत नाही. रिपोर्ट हातात आल्यावर त्यात ट्रेसरचं नाव, डोस, वेळ, रेशो, बॅकग्राउंड कुठे घेतलं आणि गरम भाग किती मिलीलिटरचा, एवढं आहे का बघा. नसेल तर परत जाऊन मागा, तो तुमचा हक्क आहे. यासाठीची नियमावली आहे, २०१९ मध्ये न्यूक्लिअर मेडिसिन आणि न्यूरो-ऑन्कॉलॉजीच्या संस्थांनी मिळून ग्लायोमा पेटची पद्धत लिहून दिली आहे, आणि २०२४ मध्ये ट्रीटमेंटला प्रतिसाद कसा मोजायचा याचे पेट रानो नावाचे निकषही आले (रानो म्हणजे मेंदूच्या ट्यूमरचा प्रतिसाद मोजायचे निकष ठरवणारा तज्ज्ञांचा गट). २०१६ मध्येच रानो गटाने म्हटलं होतं की ग्लायोमात एफडीजीपेक्षा अमिनो ॲसिड पेट बरा, तरी आजही मेंदूच्या ट्यूमरसाठी एफडीजीच लिहून दिलेला फॉर्म माझ्या टेबलावर येतो. कारण बहुतेक वेळा एवढंच की जवळ दुसरं काही मिळत नाही, आणि ते मी समजू शकते. पण मिळत असूनही सवयीने एफडीजी लिहिला जातो तेव्हा मी फोन उचलून बोलते, आणि आजवर कोणी त्याचा राग धरला नाही.

परत स्कॅन करायचा झाला तर तोच ट्रेसर, तोच कॅमेरा, इंजेक्शननंतर तेवढीच मिनिटं. पहिला मेथिओनिनचा आणि दुसरा एफईटीचा असं झालं तर रेशोंची थेट वजाबाकी करू नका, फक्त जागा आणि आकार बघा. आणि पहिल्या स्कॅनची सीडी घरी जपून ठेवा, सेंटरच्या सर्व्हरवर विसंबून राहू नका, कारण वर्षभराने तुलना करायला बसल्यावर आम्हाला सगळ्यात आधी तीच लागते.